दुपारच्या सुट्टीनंतर नाहीशी होणारी सेवा: जावा आरएमआयमधील एका वारंवार येणाऱ्या बिघाडाचे निवारण

गोव्यातील फोंड्याला मुख्य कचेरी आणि साखळी व पेडणे येथे शाखा असलेल्या एका पतसंस्थेसाठी मी जावामध्ये एक लहानशी सेवा लिहून दिली आहे. खात्यातील शिल्लक सांगणे, पिग्मी एजंटाने आणलेली रक्कम जमा करणे आणि पावतीचा क्रमांक देणे, एवढीच तिची कामे आहेत. सेवेचा क्लास फोंड्याच्या सर्व्हरवर चालतो आणि शाखांमधील संगणक व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी जोडणीवरून, त्याच्या मेथड (एकेक काम करणारे भाग) दुरून बोलावतात. यासाठी जावामध्ये १९९७ सालच्या १.१ या आवृत्तीपासून असलेली आरएमआय (रिमोट मेथड इन्व्होकेशन) ही सोय वापरली आहे. नव्या कामासाठी आज कोणी आरएमआय निवडील असे नाही. परंतु जिथे दोन्ही बाजूंना जावाच आहे आणि वापरणारे दहा-बारा जण आहेत तिथे ती अजूनही पुरते, आणि जुन्या कचेऱ्यांतून ती चालू असल्यामुळे तिचे बिघाड दुरुस्त करण्याची पाळी येतच राहते.

लेखात क्लास, मेथड, सेटिंग आणि त्रुटीचे संदेश यांची नावे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीतच आहेत. जावाचा कंपायलर देवनागरी नावेही विनातक्रार स्वीकारतो, पण तसा मोह मी कधी धरला नाही.

बिघाडाचे स्वरूप असे होते. सकाळी नऊला सर्व्हर सुरू होई आणि एक वाजेपर्यंत तिन्ही ठिकाणी काम सुरळीत चाले. एक ते तीन जेवणाची आणि वामकुक्षीची सुट्टी. गोव्यात ती किती काटेकोरपणे पाळली जाते हे इथल्या वाचकांना सांगायला नको. तीन वाजता शाखांमधील संगणक पुन्हा सुरू झाले, की शिल्लक विचारणाऱ्या पहिल्याच हाकेला ‘नो सच ऑब्जेक्ट इन टेबल’ असे उत्तर येई. फोंड्याचा प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की सर्व काही पूर्ववत होई, आणि दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुन्हा तेच. रात्री सर्व्हर बंद करून जाण्याची कचेरीची शिस्त असल्यामुळे सकाळी हा प्रश्न कधी दिसला नाही, आणि त्यामुळेच सर्वांचा संशय दुपारी घडणाऱ्या गोष्टींवर गेला: वीज जाऊन येते, राउटर तापतो, व्हीपीएन तुटते. मीही त्याच वाटेने गेलो आणि चार दिवस वाया घालवले.

खरे तर संदेश नीट वाचला असता तर ते चार दिवस वाचले असते. जोडणीच तुटलेली असती तर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ किंवा ‘कनेक्ट टाइम्ड आउट’ असा संदेश आला असता. ‘नो सच ऑब्जेक्ट इन टेबल’ हे उत्तर सर्व्हरकडून आलेले उत्तर आहे. म्हणजे जाळे शाबूत आहे, पोर्ट (यंत्रावरील जोडणीचे क्रमांकित दार) उघडा आहे, पलीकडची जावा यंत्रणा जिवंत आहे, तिने हाक ऐकली आहे आणि आपल्या तक्त्यात पाहून ‘या क्रमांकाचे ऑब्जेक्ट माझ्याकडे नाही’ असे सांगितले आहे. इथून पुढे राउटरकडे पाहण्याचे कारणच उरत नाही.

दुसरा दुवा योगायोगाने मिळाला. एके दिवशी साखळीच्या शाखेतील एक पिग्मी एजंट जेवायला न जाता हिशेब जुळवत बसला आणि त्याचा प्रोग्राम दुपारभर उघडा राहिला. त्या दिवशी तीन वाजता बिघाड झाला नाही. सर्वांनी तो दिवस चांगला गेला म्हणून सोडून दिला. मी मात्र त्या दिवशी वेगळे काय घडले याची वही काढली, आणि उघडा राहिलेला तो एकच क्लायंट (सेवा मागणारा शाखेतील प्रोग्राम) एवढाच फरक सापडला.

सेवा जिवंत कोणाच्या भरवशावर राहते

आरएमआयमध्ये सर्व्हरवरचे ऑब्जेक्ट (क्लासवरून स्मृतीत तयार केलेली वस्तू) ‘एक्स्पोर्ट’ केले, म्हणजे दुरून हाक मारण्यासाठी खुले केले, की आतल्या तक्त्यात त्याची नोंद होते, पण ही नोंद कच्ची असते. केवळ तेवढ्यावर ते ऑब्जेक्ट स्मृतीत टिकून राहत नाही. ते टिकते दोनपैकी एका कारणाने. सर्व्हरच्या प्रोग्राममध्येच कोणीतरी त्याला धरून ठेवलेले असते, किंवा दूरच्या एखाद्या क्लायंटकडे त्याचा स्टब, म्हणजे हाक त्या ऑब्जेक्टपर्यंत पोचवणारा प्रतिनिधी, असतो आणि त्या क्लायंटने सर्व्हरकडून त्या ऑब्जेक्टचे लीज घेतलेले असते. खाणींच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या गोंयकाराला लीज आणि त्याचे नूतनीकरण हे शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. इथे फक्त मुदत फार लहान आहे. ती मूळ सेटिंगनुसार १० मिनिटांची असते आणि क्लायंटची जावा यंत्रणा साधारण अर्धी मुदत सरली की आपण होऊन तिचे नूतनीकरण करते. क्लायंट बंद झाला की नूतनीकरण थांबते, दहा मिनिटांत लीज संपते, आणि ऑब्जेक्टला धरून ठेवणारे दुसरे कोणी नसेल तर ते गार्बेज कलेक्टरच्या, म्हणजे कोणी न धरलेली ऑब्जेक्ट स्मृतीतून काढून टाकणाऱ्या यंत्रणेच्या, तावडीत सापडते.

आता माझ्या सर्व्हरवर स्मृतीचा वापर इतका कमी होता की एरवी गार्बेज कलेक्टरला फारसे कामच नव्हते. परंतु आरएमआयची यंत्रणा स्वतःच ठराविक काळाने पूर्ण झाडलोट करवून घेते. हा काळ जेडीके (जावाचा विकाससंच) ६ पासून १ तास आहे, त्यापूर्वी तो १ मिनिट होता. एक वाजता तिन्ही ठिकाणचे क्लायंट बंद झाले, एक वाजून दहा मिनिटांनी शेवटचे लीज संपले आणि दोनच्या आगेमागे केव्हातरी झाडलोट झाली. तीनला शाखा उघडेपर्यंत सेवेचे ऑब्जेक्ट नाहीसे झालेले असे. सुट्टी अर्ध्या तासाची असती तर हा बिघाड कधीतरीच दिसला असता आणि शोधायला दुप्पट अवघड गेला असता.

मग सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये ऑब्जेक्ट कोणी धरून ठेवले नव्हते का? नव्हते, आणि तो माझाच दोष. ‘सेवासुरूकर’ नावाच्या एका लहान मेथडमध्ये मी ऑब्जेक्ट तयार करत होतो, ते एक्स्पोर्ट करून मिळालेला स्टब रजिस्ट्रीत, म्हणजे नावावरून स्टब देणाऱ्या नोंदवहीत, नोंदवत होतो, आणि मेथड संपत होती. मेथड संपली की तिच्यातील स्थानिक चलही संपले. मुख्य थ्रेड नंतर नुसता वाट पाहत उभा होता, म्हणून प्रोग्राम चालू दिसत होता. सेवा मात्र आतून रिकामी झालेली होती.

यावर कोणी विचारील की रजिस्ट्रीत तर स्टब होता, मग त्याने ऑब्जेक्टला का धरले नाही. इथेच खरी मेख आहे. रजिस्ट्री वेगळ्या प्रक्रियेत चालत असेल, म्हणजे ‘आरएमआयरजिस्ट्री’ ही आज्ञा देऊन ती स्वतंत्रपणे सुरू केलेली असेल, तर स्टब तिच्याकडे जाळ्यावरून जातो, ती स्वतःच एक क्लायंट ठरते, लीज घेते आणि दर काही मिनिटांनी त्याचे नूतनीकरण करत राहते. त्यामुळे सेवा अखंड जिवंत राहते आणि प्रोग्रामरला आपली चूक कधी कळतच नाही. परंतु ‘क्रिएट रजिस्ट्री’ ही मेथड वापरून रजिस्ट्री आपल्याच प्रोग्रामच्या आत उभी केली आणि तिने परत दिलेल्या ऑब्जेक्टवरच ‘रीबाइंड’ (नावाची नोंद) केले, तर स्टब जाळ्यावरून जात नाही, तो हातातल्या हातात ठेवला जातो. अशा स्टबसाठी कोणी लीज घेत नाही. रजिस्ट्री मागेल त्याला स्टब देत राहते, आणि स्टब ज्याच्याकडे बोट दाखवतो ते ऑब्जेक्ट मात्र गेलेले असते.

माझी सेवा पूर्वी बाहेरच्या रजिस्ट्रीवर दीड वर्ष सुरळीत चालली होती. बिघाड सुरू झाला तो मी रजिस्ट्री आत आणल्यानंतर, आणि ती आत आणली होती एका निराळ्याच बिघाडावर उपाय म्हणून. त्याबद्दल पुढे येईल.

उपाय एका ओळीचा आहे. सेवेचे ऑब्जेक्ट स्थानिक चलात न ठेवता मुख्य क्लासच्या स्थिर चलात, म्हणजे ‘स्टॅटिक फायनल’ म्हणून ठेवावे. रजिस्ट्रीचे ऑब्जेक्टही मी त्याच्या शेजारीच ठेवतो. त्याने बिघडत काही नाही आणि पुढे वाचणाऱ्याला हेतू कळतो. लीजची मुदत वाढवणे किंवा झाडलोटीचा काळ एक तासावरून एक दिवस करणे, असे सल्लेही मला मिळाले. त्याने बिघाड दुपारी लपेल, आणि सर्व्हर कधी रात्रीही चालू ठेवला तर रविवारच्या सुट्टीनंतर येईल, एवढेच.

संदेश तोच, कारण दुसरे

‘नो सच ऑब्जेक्ट इन टेबल’ हाच संदेश आणखी एका कारणाने येतो आणि दोन्हींची गल्लत करणे सोपे आहे. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की त्याच क्लासच्या नव्या ऑब्जेक्टला नवा ओळखक्रमांक मिळतो. सकाळपासून उघडा असलेला क्लायंट आपल्याजवळचा जुना स्टब, म्हणजे जुना क्रमांक, वापरत राहतो आणि पोर्ट तोच असल्यास त्याची हाक नव्या सर्व्हरपर्यंत पोचून हेच उत्तर आणते. फरक ओळखण्यासाठी क्लायंट बंद करून पुन्हा सुरू करावा, म्हणजे तो रजिस्ट्रीकडून ताजा स्टब घेईल. ताज्या स्टबने काम झाले तर दोष जुन्या स्टबचा होता. ताज्या स्टबनेही तेच उत्तर आले तर सर्व्हरवरचे ऑब्जेक्ट नाहीसे झाले आहे. माझ्या शाखांमध्ये तीन वाजता क्लायंट नव्यानेच सुरू होत होते, म्हणून जुन्या स्टबचे कारण आपोआप बाद झाले.

रजिस्ट्री पत्ता सांगते, भेट घडवत नाही

आता ज्या बिघाडामुळे मी रजिस्ट्री आत आणली त्याकडे येतो. बाहेरची रजिस्ट्री ही स्वतंत्र जावा प्रक्रिया असते आणि तिला आपला इंटरफेस, म्हणजे सेवेच्या मेथडांची यादी, माहीत असावा लागतो. ‘खातेसेवा’ हा इंटरफेस असलेली जार फाइल (क्लासचे गाठोडे) तिच्या क्लासपाथवर, म्हणजे क्लास शोधण्याच्या जागांत, नसेल, तर सर्व्हर स्वतःची नोंद करायला गेला की ‘क्लास नॉट फाउंड’ ही त्रुटी तीन थरांत गुंडाळून परत येते: सर्व्हर एक्सेप्शन, त्याच्या पोटात अनमार्शल एक्सेप्शन, त्याच्या पोटात खरे कारण. गोंधळ असा की संदेश सर्व्हरच्या खिडकीत दिसतो, सर्व्हरकडे तर क्लास आहेच, आणि माणूस तासभर सर्व्हरचाच क्लासपाथ तपासत बसतो. क्लास नसतो तो रजिस्ट्रीकडे. जुन्या पुस्तकांत यावर ‘कोडबेस’ देऊन क्लास जाळ्यावरून उतरवून घेण्याचा उपाय सांगितलेला असतो, पण जेडीके ७ च्या २१ व्या अद्ययावत आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०१३ पासून, पलीकडून आलेल्या कोडबेसवर विश्वास न ठेवणे हीच मूळ सेटिंग आहे, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ती तशीच ठेवावी. म्हणून एक तर रजिस्ट्री सुरू करताना तिच्या क्लासपाथवर जार द्यावी, किंवा रजिस्ट्री आत आणावी. मी दुसरा मार्ग घेतला. तो अजूनही मला योग्य वाटतो, फक्त वर सांगितलेले स्थिर चल त्याच दिवशी लिहायला हवे होते.

रजिस्ट्रीबद्दलचा आणखी एक गैरसमज बहुतेक सर्व आरएमआय-दुखण्यांच्या मुळाशी असतो. लुकअप, म्हणजे रजिस्ट्रीकडे नावाने केलेली चौकशी, यशस्वी झाला म्हणजे सेवा मिळाली, असे समजले जाते. अनोळखी गावात शिरताना तिठ्यावरच्या दुकानदाराला घर विचारले आणि त्याने वाट सांगितली, एवढ्यावरून घरात माणूस आहे असे ठरत नाही. त्याने सांगितलेला पत्ता जुना असू शकतो, आणि तो पत्ता त्याच्याच वाड्यावरच्या माणसांना कळेल असा असू शकतो. लुकअपने हातात येतो तो स्टब, आणि स्टबच्या आत सेवेचा पत्ता आणि पोर्ट कोरलेला असतो. हा पत्ता क्लायंटने लुकअपसाठी वापरलेला पत्ता असेलच असे नाही. सर्व्हरने एक्स्पोर्टच्या वेळी स्वतःचा जो पत्ता आहे असे मानले, तो त्यात असतो.

फोंड्याचा सर्व्हर उबुंटूवर आहे, आणि पहिल्याच दिवशी पेडण्याहून ‘कनेक्शन रिफ्यूज्ड टू होस्ट: १२७.०.१.१’ असा संदेश आला होता. १२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे ज्याचा त्याचा स्वतःचा संगणक. पेडण्याचा क्लायंट सेवा पेडण्याच्याच संगणकात शोधत होता. डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूमध्ये होस्ट्स फाइलीत यंत्राचे नाव १२७.०.१.१ या पत्त्याला जोडलेले असते, जावा यंत्राच्या नावावरून पत्ता काढते आणि तोच स्टबमध्ये कोरते. ‘होस्टनेम’ या आज्ञेला लहान ‘आय’ हा पर्याय दिला तर यंत्राच्या नावावरून निघणारा पत्ता दिसतो आणि मोठा ‘आय’ दिला तर यंत्राचे खरे पत्ते दिसतात. दोन्ही उत्तरे वेगळी आली की हा बिघाड होणार असे समजावे.

यावर उपाय म्हणजे ‘जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम’ या प्रॉपर्टीत क्लायंटना पोचता येईल असा पत्ता किंवा नाव देणे. ही प्रॉपर्टी सर्व्हरच्या जावा प्रक्रियेला द्यायची असते. क्लायंटला किंवा बाहेरच्या रजिस्ट्रीला देऊन उपयोग होत नाही, आणि ही चूक मी दुसऱ्यांच्या कोडमध्ये अनेकदा पाहिली आहे. शिवाय आरएमआयची यंत्रणा ती एकदाच, अगदी सुरुवातीला वाचते. रजिस्ट्री उभी केल्यानंतर किंवा पहिले ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट केल्यानंतर कोडमधून ती बदलली तर काहीही फरक पडत नाही आणि कोणतीही तक्रारही येत नाही. म्हणून ती सुरू करण्याच्या आज्ञेतच द्यावी.

या प्रॉपर्टीत अंकांचा पत्ता द्यावा की नाव, याचे उत्तर मला मृगाच्या पहिल्या पावसाने दिले. वीज गेली आणि आली. सर्व्हर यूपीएसवर असल्यामुळे चालू राहिला, पण राउटर नव्याने सुरू झाला आणि लीजचाच आणखी एक प्रकार असलेल्या, यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीने सर्व्हरला निराळा पत्ता दिला. लुकअप नावाने होत होता, म्हणून तो झाला. स्टबमध्ये मात्र सकाळचा जुना अंकांचा पत्ता होता, म्हणून पुढची हाक कोणालाही पोचली नाही. सर्व्हरला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवणे हा मूळ उपाय, आणि प्रॉपर्टीत व्हीपीएनच्या आत ज्याचा पत्ता सर्वांना कळतो असे नाव देणे ही त्याला जोड. सर्व्हर सिस्टमडीकरवी (लिनक्समधील सेवा सुरू करणारी यंत्रणा) आपोआप सुरू होत असेल तर युनिट फाइलीत ‘नेटवर्क-ऑनलाइन’ या टार्गेटनंतरच सेवा सुरू करावी, असेही लिहून ठेवावे. नाहीतर पत्ता मिळण्याआधीच ती उठून बसते.

पोर्टविषयी थोडक्यात सांगता येईल. रजिस्ट्री १०९९ या पोर्टवर असते हे सर्वांना पाठ असते, फायरवॉलमध्ये तो उघडलेलाही असतो, आणि तरी हाक पोचत नाही. कारण सेवेचे ऑब्जेक्ट पोर्ट शून्य देऊन एक्स्पोर्ट केलेले असते, आणि शून्य म्हणजे ‘जो मोकळा असेल तो’. दर सुरुवातीला तो बदलतो. एक्स्पोर्ट करताना ठराविक पोर्ट द्यावा. रजिस्ट्री त्याच प्रक्रियेत असेल तर रजिस्ट्री आणि सेवा दोघांनाही १०९९ हाच पोर्ट देता येतो आणि फायरवॉलमध्ये एकच भोक पुरते. ते भोक व्हीपीएनच्या आतच असावे; आरएमआय बाहेरून आलेले बाइट ऑब्जेक्टमध्ये रूपांतरित करते, आणि अशा सेवेला इंटरनेटवर उघडे ठेवणे म्हणजे दार नसलेल्या घरात तिजोरी ठेवणे आहे.

बांधणीतल्या चुका

बिघाड बसवण्यातच असतो असे नाही, बांधणीतही तो आधीच पेरलेला असू शकतो. मी प्रकल्पाचे तीन भाग करतो: इंटरफेस आणि देवाणघेवाणीचे साधे क्लास असलेली सामायिक जार, सर्व्हरची जार आणि क्लायंटची जार. पहिली जार इतर दोघांकडे अक्षरशः एकच असली पाहिजे. साखळीला एकदा मी नवी जार पाठवायला विसरलो. ‘जमा’ या मेथडला मी रकमेबरोबर तारीखही घ्यायला लावले होते, आणि साखळीचा क्लायंट जुन्या रूपानेच हाक मारत होता. आरएमआय मेथड नावाने ओळखत नाही. नाव, प्राचलांचे (मेथडला दिलेल्या मूल्यांचे) प्रकार आणि परतीचा प्रकार यांच्यापासून काढलेल्या ६४ बिटांच्या हॅशने, म्हणजे ठशासारख्या क्रमांकाने, ओळखते. म्हणून ‘अनरेकग्नाइज्ड मेथड हॅश’ असा संदेश आला. गंमत अशी की ‘शिल्लक’ ही न बदललेली मेथड चालूच होती, त्यामुळे शाखेतून फोन आला तो ‘शिल्लक दिसते पण पैसे जमा होत नाहीत’ असा, आणि मी आधी डेटाबेसचे हक्क तपासायला बसलो.

देवाणघेवाणीच्या क्लासमध्ये सीरियल आवृत्तीचा क्रमांक (दोन्ही बाजूंचा क्लास एकच आहे का हे ओळखण्याचा) स्वतः लिहावा. तो न लिहिल्यास कंपायलर आणि क्लासची रचना यांवरून जावा तो काढते, आणि एखादी निरुपद्रवी मेथड वाढवली तरी ‘इनव्हॅलिड क्लास’ ही त्रुटी दोन जारींमध्ये उभी राहते. लुकअपमधून आलेले ऑब्जेक्ट इंटरफेसच्याच प्रकारात घ्यावे, सर्व्हरच्या क्लासच्या प्रकारात घेतले तर ‘क्लास कास्ट’ त्रुटी येणारच. क्लायंटकडे येतो तो स्टब, खुद्द ऑब्जेक्ट नव्हे.

जुनी पुस्तके समोर ठेवून शिकणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की ‘आरएमआयसी’ हे स्टब तयार करणारे साधन सापडत नाही म्हणून अडून बसू नये. जेडीके ५ पासून स्टब चालू प्रोग्राममध्येच तयार होतात, आणि हे साधन जेडीके १५ मधून काढूनच टाकले आहे. त्या पुस्तकांतील सिक्युरिटी मॅनेजर बसवण्याची ओळही काढून टाकावी. जेडीके १८ पासून ती मूळ सेटिंगमध्ये त्रुटी देते, आणि जेडीके २४ मध्ये ती सोय कायमची बंद झाली आहे.

पुन्हा हाक मारावी की नाही

बिघाड सापडल्यावर संस्थेच्या व्यवस्थापकांनी रास्त प्रश्न विचारला, की त्रुटी आली तर क्लायंटने आपणहून पुन्हा प्रयत्न का करू नये. शिल्लक विचारण्याच्या बाबतीत करावा. जमा करण्याच्या बाबतीत त्रुटी कोणती हे पाहावे लागते. ‘नो सच ऑब्जेक्ट’ आणि हाक पोचण्यापूर्वीच आलेली ‘कनेक्ट’ त्रुटी, या दोन्हींत सर्व्हरवर काहीही घडलेले नसते, म्हणून ताजा लुकअप करून तीच हाक निर्धास्तपणे पुन्हा मारता येते. परंतु हाक गेल्यानंतर उत्तर येताना जोडणी तुटली, तर रक्कम जमा झाली आहे की नाही हे क्लायंटला कळण्याचा मार्गच नसतो. तिथे आंधळेपणाने पुन्हा प्रयत्न केला तर पिग्मीचे दोनशे रुपये चारशे होतात. १९९४ साली सन मायक्रोसिस्टिम्समधील जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरच्या ऑब्जेक्टला जवळच्या ऑब्जेक्टसारखे भासवू नये असे जे मांडले होते, त्याचे व्यवहारातील रूप हेच आहे; आरएमआयमध्ये प्रत्येक दूरस्थ मेथडवर ‘रिमोट एक्सेप्शन’ जाहीर करण्याची सक्ती याच विचारातून आली आहे, आणि ती त्रुटी पकडून रिकाम्या कंसात गिळून टाकणाऱ्या प्रोग्रामरला ही सक्ती उगाच त्रासदायक वाटते. मी आता प्रत्येक जमेबरोबर क्लायंटकडूनच एक व्यवहारक्रमांक पाठवतो आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर रक्कम न वाढवता पहिलीच पावती परत देतो. हे केल्यानंतर कोणतीही त्रुटी आली तरी पुन्हा हाक मारता येते.

दुपारच्या बिघाडासाठी चाचणी करायची तर दुपारची वाट पाहण्याचे कारण नाही. चाचणीच्या सर्व्हरवर ‘जावा.आरएमआय.डीजीसी.लीजव्हॅल्यू’ ही प्रॉपर्टी ६०,००० मिलिसेकंद, म्हणजे एक मिनिट करावी, आणि ‘जावा.आरएमआय.सर्व्हर.लॉगकॉल्स’ चालू ठेवावी म्हणजे आलेली प्रत्येक हाक खिडकीत दिसेल. मग एक क्लायंट सुरू करून शिल्लक विचारावी, तो बंद करावा, तीन-चार मिनिटे थांबावे, ‘जेसीएमडी’ या साधनाने सर्व्हरच्या प्रक्रियेला ‘जीसी.रन’ ही आज्ञा द्यावी आणि नवा क्लायंट सुरू करून पुन्हा शिल्लक विचारावी. माझा जुना कोड या चाचणीत प्रत्येक वेळी पडतो, आणि स्थिर चल असलेला नवा कोड प्रत्येक वेळी शिल्लक सांगतो. चाचणी झाल्यावर लीजची प्रॉपर्टी काढून टाकायला विसरू नये. नाहीतर प्रत्येक क्लायंट दर अर्ध्या मिनिटाला नूतनीकरणासाठी सर्व्हरचे दार ठोठावत राहतो.